गाडीतला साक्षीदार

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा सारांश)



पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या पार्किंगमध्ये स्कूटरच जास्त होत्या. आज गाड्यांची दाटी आहे आणि कितीतरी गाड्यांच्या काचेवर डॅशकॅम दिसतो. मी अपघाताच्या दाव्यांत वकिली करतो, म्हणून समितीने मला त्यावर बोलायला सांगितलं.

रस्त्यावर धडक झाली की गर्दी लगेच निकाल देते, चूक मोठ्या गाडीची! कधी ते खरं असतं, कधी नसतं. धडक दोन सेकंदांची, दावा मात्र वर्षानुवर्षं चालतो. तोवर गर्दीतलं कुणी साक्षीला सापडत नाही. तिथे कॅमेरा उपयोगी पडतो.

पण नुसता लावून भागत नाही. कार्ड भरलं की डॅशकॅम जुनं चित्रण पुसून त्यावर नवं घेतो. जोराचा धक्का बसला तर आतला सेन्सर ती फाइल राखून ठेवतो. हलक्या धक्क्याला किंवा शेजारच्या लेनमधल्या अपघाताला तो जागा होईलच असं नाही. म्हणून आधी जखमीला मदत, आणि लगेच कार्ड काढून जपून ठेवा. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ महिन्यातून एकदा तपासा. ती चुकली असेल तर समोरचा वकील तिथेच पकडतो.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. कलम ६३ प्रमाणे चित्रणाच्या प्रतीसोबत ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलचं 'हॅश' मूल्य असतं, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा ना! जुन्या कायद्यातही प्रमाणपत्र होतंच. जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की प्रतीला ते अनिवार्य, पण मालकाने स्वतः साक्ष देऊन मूळ साधनच हजर केलं तर गरज नाही. तेव्हा मूळ कार्ड हेच सोनं. व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या क्लिपवर विसंबू नका.

पोलिसांनी थांबवलं तर? गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवायलाच हवं, डिजिलॉकरमधलंही चालतं. कॅमेरा चालू राहू द्या, पण तोंडासमोर मोबाइल नाचवून हुज्जत घालू नका. चित्रण होतंय हे माहीत असलं की दोन्ही बाजू जरा सांभाळून बोलतात.

आणि हो, हा साक्षीदार आपला नोकर नाही. आपण तोडलेला सिग्नलही त्यात येतो. चित्रण गैरसोयीचं निघालं म्हणून पुसून टाकणं हा पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा ठरू शकतो.

शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपल्या कॅमेऱ्यात दुसऱ्याचा अपघात आला तर? एखादा दुचाकीवाला पडलाय, धडक देणारा पळालाय, आणि त्या गाडीचा नंबर फक्त आपल्या कार्डावर आहे. आपण घरी येतो, आणि चार दिवसांत ते आपोआप पुसलं जातं. त्या घराला भरपाई मिळणं कदाचित त्या नंबरावरच अवलंबून असेल. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ते आलं. तेव्हा घाबरू नका. क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, पोलीस ठाण्यात नेऊन द्या आणि पोच घ्या.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या अडीअडचणीला धावलो. तेवढंच रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठीही करूया.