चित्रे निवडण्याचा हक्क



कामगार संघटनेत हयात गेलेल्या माणसाने चित्रकलेवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. चित्र कसे काढावे हे आम्ही सांगणार नाही; ती विद्या आमच्यापाशी नाही. पण निवड कोणी करावी, हा प्रश्न मात्र आमच्या रोजच्या ओळखीचा आहे. गावात कोणते कलाप्रदर्शन भरवावे, आलेल्या अर्जांतून कोणता पत्करावा, हे ठरविणाऱ्या समितीत विद्यार्थ्यांना मताच्या हक्कासह जागा असावी, एवढेच आमचे आजचे म्हणणे आहे.

या विषयाला लागणारे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात. पण एके काळी दोन्ही एकाच औंध संस्थानात होती. तेथले अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. १९३८ साली त्यांनी औंधच्या डोंगरावर आपल्या संग्रहासाठी श्रीभवानी संग्रहालय उभारले. रविवर्मा आणि धुरंधर तेथे आहेत, तसे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि मूल हे शिल्पही आहे. याच राजाने १९३९ साली, गांधीजींचा सल्ला घेऊन केलेल्या घटनेद्वारे, कारभार प्रजेच्या हाती दिला.

ही दोन कामे शेजारी ठेवून पाहा. गावचा कारभार शेतकऱ्याने चालवावा, हे राजाला पटले. चित्रांची निवड मात्र राजाचीच राहिली. त्यात वावगे काही नाही. संग्रह त्यांचा होता, आणि नजरही चांगली होती. पण १९४८ साली संस्थान विलीन झाले. पुढे संग्रहालय शासनाकडे आले. आज सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक सभागृहात प्रदर्शन भरते, तेव्हा निवडणारे कोण आणि ते कोणी नेमले, हे विचारणे उद्धटपणाचे नव्हे.

आणि अशा प्रदर्शनात विद्यार्थी कोठे दिसतो? खुर्च्या मांडताना, खिळे ठोकताना, पाहुण्यांपुढे चहा नेताना. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना आपली मुले बसतात. तेथे दुसरे त्यांना पारखतात. पारखून घेण्याची सवय त्यांना लागते. पारखण्याची जबाबदारी कधी अंगावर पडतच नाही.

‘मुलांना काय कळते?’ असे कोणी म्हणेल. पॅरिसला १८६३ साली जाणत्या परीक्षकांनी हजारो चित्रे नाकारली. ओरड इतकी झाली की सम्राटाला नाकारलेल्यांचे वेगळे प्रदर्शन भरवू द्यावे लागले. त्यात माने या चित्रकाराचे एक चित्र होते. लोक त्याला हसले, आणि आज ते फ्रान्सच्या अभिमानाची वस्तू आहे. जाणतेही चुकले, हसणारेही चुकले. म्हणून नुसता अधिकार एकाकडून काढून दुसऱ्याला देणे, हा उपाय नव्हे. विद्यार्थीही ओळखीच्या गोड चित्राला भुलतील, मित्राचा अर्ज पुढे सरकवतील. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर नियमांत आहे.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यांत वर्क्स कमिटीची तरतूद केली. कामगारांचे प्रतिनिधी मालकांच्या प्रतिनिधींहून कमी नसावेत, असेही त्यात होते. परंतु त्या कमिटीला मत सांगता येई, निर्णय करता येत नसे. निर्णयाविना मिळालेली खुर्ची कशी असते, ते आम्ही कामगार जाणतो. विद्यार्थ्यांना तशी खुर्ची देऊ नका.

समिती सात जणांची करा. त्यांत तीन विद्यार्थी, दोन चित्रकार, एक शिक्षक आणि एक साधा प्रेक्षक असावा. मत सर्वांना सारखे. विद्यार्थी दरवर्षी बदलावेत, आणि सगळे कलाशाळेचेच नसावेत. अर्जांवरची नावे झाकावीत. ज्याचा अर्जदाराशी संबंध असेल त्याने त्या वेळी बाहेर बसावे. प्रत्येक अर्जाला काही प्रश्न सारखेच विचारावेत: काय दाखविणार? का दाखविणार? खर्च किती? माहितीच्या पाट्या मराठीत आहेत काय? सांगलीच्या हळदपेठेतल्या हमालाचा मुलगा समितीवर असला, तर तो आणखी एक प्रश्न विचारील: प्रदर्शन पाच वाजता बंद होणार असेल, तर माझ्या बापाने ते कधी पाहावे? हा प्रश्न कोणत्याही कलापंडिताला सुचणे कठीण.

शेवटचा नियम आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. नाकारलेल्या प्रत्येक अर्जदाराला कारणांसह पत्र जावे, आणि त्याचा मसुदा विद्यार्थ्याने करावा. ‘आवडले नाही’ एवढे लिहून चालणार नाही. दुसऱ्याच्या कष्टांना नकार देताना पोराला ते काम पुन्हा एकदा नीट पाहावे लागेल. कदाचित त्या पाहण्यातच त्याचे मत बदलेल. मग त्याने समितीपुढे उभे राहून तसे सांगावे.

बंधुभगिनींनो, हीच मुले उद्या पंचायतीत, सोसायटीत, कारखान्यात निर्णय करतील. कारण देऊन निवडणे आणि कारण देऊन नाकारणे, हे त्यांनी कोठे शिकावे? चित्रांच्या बाबतीत शिकली, तर चुकीची किंमत थोडी पडेल आणि शहाणपण जन्मभर पुरेल. सातारा-सांगलीच्या ज्या संस्था प्रदर्शने भरवितात, त्यांनी पुढच्या वर्षी एकदा हे करून पाहावे, अशी आमची विनंती आहे.