शब्दकोडें आणि यंत्र

विलायतेंतील गूढ शब्दकोड्यांतली एक प्रसिद्ध खूण पाहा: ‘एच्, आय्, जे, के, एल्, एम्, एन्, ओ’, उत्तर पांच अक्षरी. उत्तर ‘वॉटर’. इंग्रजींत ‘एच् टु ओ’, म्हणजे उच्चारानें पाण्याचें रासायनिक सूत्र!

अशी खूण कृत्रिम बुद्धीचें यंत्र लिहूं शकेल काय? लिहितें, पण पुष्कळदां फसतें. तें शब्द सुट्या अक्षरांनीं नव्हे, तर तुकड्यांनीं वाचतें. म्हणून अक्षरांची उलटापालट करतांना एखादें गळतें वा वाढतें. हा दोष सुधारतां येईल. दुसरा अधिक खोल आहे. ‘ऑब्झर्व्हर’ पत्रांत ‘झिमेनीझ’ या नांवानें कोडीं रचणाऱ्या मॅकनट यांनीं १९६६ सालच्या आपल्या ग्रंथांत रचनाकाराच्या सचोटीवर भर दिला. श्लेषानें वाचकाला खुशाल चकवावें. परंतु उत्तर कळल्यावर प्रत्येक शब्दाचा हिशेब लागला पाहिजे. यंत्राचें वाक्य डौलदार असतें, हिशेब मात्र कित्येकदां जुळत नाहीं. आणि तरीही तें ठामपणें स्पष्टीकरण देतें! चकविण्याची परवानगी सचोटीच्याच बळावर मिळते, हें येथें विसरलें जातें.

सोडविणाऱ्यानें ‘हें तर समोरच होतें!’ म्हणून हंसावें, हीच खुणेची खरी कसोटी. यंत्राची खूण तिला उतरली तर तिला अवश्य मान द्यावा. मात्र माणसानें ताडून पाहिल्यावांचून ती छापूं नये.