मंडल आणि मंडळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मंडल हा शब्द मोठा मजेदार आहे. संस्कृतात त्याचा अर्थ वर्तुळ. ऋग्वेदाचे दहा भाग आहेत, त्यांनाही मंडलंच म्हणतात. हाच शब्द मराठीच्या तोंडात फिरता फिरता मंडळ झाला. मग महिला मंडळ आलं, भजनी मंडळ आलं, गल्लोगल्ली तरुण मंडळ आलं. ‘बसा मंडळी’ असं आपण सहज म्हणतो. गोल आणि गोळा झालेली माणसं, दोन्ही एकाच शब्दाच्या घरातली. आज मला या दोन्हींबद्दल बोलायचं आहे. कागदावर काढायचं मंडल, आणि ते चारचौघांत बसून काढलं तर मनाला काय मिळतं, याबद्दल.

मी चित्रकार नाही. कविता लिहितो. पत्नी गेल्यानंतर दीड वर्ष मला एक ओळ लिहिता आली नाही. घरी माणसं भेटायला येत, समोर बसत, ‘कसं झालं हो?’ असं विचारत. त्यांची माया खरी होती. पण तीच हकिकत पुन:पुन्हा सांगून माझे शब्द पार झिजून गेले. अशात एका मित्रानं मला सोलापुरातल्या एका वाचनालयात भरणाऱ्या कार्यशाळेला नेलं. घरातलं माणूस गमावलेल्यांसाठी ती होती. सहा रविवार, दर वेळी दोन तास. आम्ही अकरा जण. शिकवायला एक चित्रकला शिक्षिका आणि सोबत एक समुपदेशक.

करायचं काय, तर अगदी सोपं. कंपासनं गोल काढायचा. मध्यबिंदूतून आरपार चार रेघा ओढल्या की आठ सारखे भाग पडतात. मग मध्यापासून बाहेर यायचं. एका भागात पाकळी काढली की तशीच उरलेल्या सातांत काढायची. मग पुढची कड, मग रंग. नियम दोनच. चित्र चांगलं आलं का, हे कुणी विचारायचं नाही आणि कुणाला बोलायची सक्ती करायची नाही.

आमच्यात एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. त्यांचा तरुण मुलगा गेला होता. पहिले दोन रविवार त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. तिसऱ्या रविवारी मान वर न करता म्हणाले, ‘तांबडा खडू कुणाकडं हाय का?’ शेजारच्या बाईंनी खडू सरकवला. थोड्या वेळानं ते आपसूक मुलाबद्दल बोलू लागले. कुणी हातातलं काम थांबवलं नाही, कुणी त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं नाही. म्हणूनच त्यांना बोलता आलं, असं मला वाटतं.

ही गोष्ट आपल्या आया-आज्यांना कुणी शिकवावी लागली नव्हती. उन्हाळ्यात आमची अम्मी पापड लाटायला गल्लीतल्या बायकांना बोलवायची. लाटण्याखाली गोल वाढत जायचा आणि एकेकीच्या पोटातलं ओठांवर यायचं. डोळे पोळपाटावर असल्यामुळे कुणाला संकोच वाटायचा नाही. पापड विकत आले, सोय झाली. पण ती बैठक मात्र मोडली.

मानसशास्त्रात या वर्तुळाची ओळख करून दिली ती स्वित्झर्लंडच्या कार्ल युंग यांनी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९च्या सुमारास, ते रोज सकाळी वहीत एक लहानसं वर्तुळचित्र काढत. त्या त्या दिवशीच्या मनाची अवस्था त्यात उमटते, असं त्यांना जाणवलं. पुढे या आकृतीवर त्यांनी पुष्कळ लिहिलं.

२००५ साली अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी हे पडताळून पाहिलं. ८४ विद्यार्थ्यांच्या मनात आधी थोडी चिंता जागी केली. मग काहींना मंडल रंगवायला दिलं, काहींना चौकड्यांची नक्षी, तर काहींना नुसता कोरा कागद. मंडलानं चिंता कमी झाली, चौकड्यांनीही झाली. कोऱ्या कागदाचा मात्र तेवढा उपयोग झाला नाही. सोलापूरकराला यात नवल वाटायला नको. चादरीच्या आणि लुंगीच्या चौकड्या मोजत आमच्या पिढ्या गेल्या. यातून मी इतकंच समजलो, की गुण केवळ गोलाचा नाही. आखलेल्या हद्दीचा आहे, पुन:पुन्हा येणाऱ्या आकाराचा आहे. दु:खात माणसाला कोरा कागद अंगावर येतो. कवीला तर फारच.

२०१६ साली फिलाडेल्फियात आणखी एक अभ्यास झाला. ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मनाजोगतं चित्र, मातीकाम, चिकटकाम करू दिलं. सुमारे ७५ टक्के लोकांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालेलं आढळलं. चित्रकला येणारे आणि न येणारे यांत म्हणावा असा फरक पडला नाही. माझ्यासारख्यांना हा दिलासाच आहे.

मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी मला विचारलं, ‘मियाँ, हे आपल्यात चालतं का?’ प्रश्न रास्त होता. तिबेटी लामा रंगीत वाळूचं मंडल दिवसेंदिवस खपून घडवतात आणि शेवटी ते मोडून वाहत्या पाण्यात सोडतात. ती त्यांची उपासना आहे, तिचा आदर आहे. आम्ही उपासना करत नव्हतो, कंपास फिरवत होतो. मी त्यांना म्हटलं, चाचा, विजापूरचा गोल घुमट आठवा. १६५६ साली पुरा झालेला. खाली चौकोनी इमारत, वर अवाढव्य गोल. मध्ये काय आहे? एकमेकांवर फिरवून ठेवलेले दोन चौकोन आणि त्यातून उमललेला आठ टोकांचा तारा. कमानींच्या त्या ताऱ्यावर सारा घुमट तोललेला आहे. आमच्या कागदावरही आठच भाग होते. चाचा हसले. पुढच्या रविवारी त्यांनी आपल्या विधवा लेकीला पाठवलं.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे औषध नव्हे. झोप उडाली, अन्न जाईना, जगणं नकोसं वाटू लागलं, तर डॉक्टरांकडेच जायला हवं. २०२२ साली सरकारनं ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. तो जवळ लिहून ठेवा. रंगखडू त्याच्या जोडीला असावेत, त्याच्या जागी नव्हेत.

सहाव्या रविवारी मला कविता सुचली, असं मी सांगणार नाही. ती फार नंतर आली, तीही चार ओळींची. पण चौथ्या आठवड्यात शनिवारी रात्री मी पेन्सिलीला टोक करून ठेवलं. उद्या कुठं तरी जायचंय, कुणी तरी माझी जागा धरून ठेवणार आहे, असं बऱ्याच दिवसांनी वाटलं. माझ्या लेखी फायदा म्हणतात तो हाच.

मंडळी, त्यासाठी कार्यशाळाच हवी असं नाही. कंपास नसेल तर वाटी पालथी घाला आणि तिच्या कडेनं पेन्सिल फिरवा. शेजारी कुणी एकटं बसलेलं असेल, त्यांनाही एक कागद द्या. काही विचारू नका. फक्त खडूंचा डबा दोघांच्या मधे ठेवा.