एक जोडणी, सारे घर



एक वस्तू अनेकांनी मिळून कशी वापरावी, हे मराठवाड्यातील माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. गावचा आड आणि बारव यांच्याभोवती वापराचे रीतिरिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. कालव्याचे पाणी आले आणि त्याबरोबर पाळीपत्रक आले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा तर शहरातील प्रत्येक घागरीला मोल आले. वस्तू मोजकी असेल आणि गरजवंत अनेक असतील, तर तिला क्रम लागतो, कुलूप लागते आणि जबाबदार माणूस लागतो, हा या अनुभवाचा बोध आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत घरोघर पोहोचत असलेल्या इंटरनेटच्या जोडणीलाही तो तंतोतंत लागू पडतो.

गरज कोणाची?

इंटरनेट ही चैनीची बाब आहे, हा समज आता मागे पडला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाईलवरून करतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. प्रवेशाच्या फेऱ्या, परीक्षांची प्रवेशपत्रे, निकाल हे सारे याच मार्गाने येते. लातूर आणि नांदेड ही तर विद्यार्थ्यांची शहरे. किनवट, मुखेड, देगलूर, उदगीर, निलंगा अशा दूरदूरच्या तालुक्यांतून आलेली मुले येथे खोल्या करून राहतात आणि वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची तयारी करतात. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि ही मुले गावी परतली, तेव्हा घरात जोडणी असणे आणि नसणे यांतील अंतर प्रत्येक शिक्षकाने डोळ्यांनी पाहिले.

तथापि घरात एक मोबाईल असला म्हणजे घराला इंटरनेट मिळाले असे होत नाही. मोबाईल ज्याच्या खिशात, जोडणी त्याच्याबरोबर शेतावर, बाजारात वा तालुक्याला जाते. घरी राहते ती मुलगी आणि तिची आई. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पंधरा ते एकोणपन्नास वयोगटात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्यांचे प्रमाण पुरुषांत सुमारे ५७ टक्के, तर स्त्रियांत केवळ सुमारे ३३ टक्के असल्याचे देशपातळीवर दिसून आले. जोडणी व्यक्तीची न राहता घराची झाली, तर या तफावतीचा काही भाग घरातल्या घरातच भरून निघू शकतो. घरगुती राउटरचे खरे महत्त्व येथे आहे.

सार्वजनिक दूरध्वनीपासून राउटरपर्यंत

सामायिक जोडणीची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, देशी बनावटीची लहान दूरध्वनी केंद्रे ग्रामीण भागात बसू लागली आणि पुढे एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या नाक्यानाक्यावर झळकल्या. घरी दूरध्वनी नसलेल्या हजारो कुटुंबांचा मुंबई-पुण्याकडील मुलांशी संपर्क त्या एका काचेच्या खोलीतून राहिला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळी जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून मिळे आणि ती एकाच संगणकापुरती असे. पुढे १९९९ मध्ये विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एका संगणकाची जोडणी दुसऱ्याला देण्याची सोय आली. मुख्य संगणकाला एका बाजूने दूरध्वनीची तार आणि दुसऱ्या बाजूने शेजारच्या संगणकाची तार जोडली, की एका जोडणीवर दोघांचे काम चाले. आजच्या लॅपटॉपमधील ‘मोबाईल हॉटस्पॉट’ हे त्याच सोयीचे बिनतारी रूप आहे. एका खोलीतील तीन-चार विद्यार्थ्यांना तात्पुरती गरज भागवण्यास ते पुरेसे होते.

या पद्धतीत एक उणीव आहे. मुख्य संगणक बंद झाला की सर्वांचीच जोडणी तुटते. शिवाय केवळ वाटपासाठी एक संगणक दिवसभर चालू ठेवणे म्हणजे विजेचा अपव्यय. राउटर हे वाटपाचेच काम करणारे छोटे यंत्र आहे. घरगुती राउटरला साधारणतः दहा-बारा वॉटच वीज पुरते. त्यामुळे वीज गेल्यावर एका लहानशा बॅटरीवरही ते काही तास चालू शकते. वीजपुरवठा खंडित होणाऱ्या गावांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी.

एका पत्त्यावर अनेक बिऱ्हाडे

एकाच जोडणीवर पाच-सहा मोबाईल कसे चालतात, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. जुन्या वाड्याचे उदाहरण घेतले तर तो सहज उलगडतो. वाड्याचा पत्ता एक, आत बिऱ्हाडे अनेक. टपाल देवडीवर येते आणि तेथील कारभारी कोणते पत्र कोणाचे हे पाहून ते आत पोहोचते करतो. राउटर हा असाच देवडीवरचा कारभारी होय. कंपनीकडून घराला बहुधा एकच पत्ता मिळतो. घरातील प्रत्येक उपकरणाला राउटर स्वतःच्या वहीतला एक अंतर्गत क्रमांक देतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मागणीची तो नोंद ठेवतो आणि उत्तर आले की ते नेमक्या उपकरणाकडे पाठवतो. ही युक्ती निघाली ती टंचाईमुळे. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटीच पत्ते होते आणि वाटपासाठीचा त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. १९९६ मध्येच काही पत्ते अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले होते, म्हणून एका पत्त्यावर सारे घर नांदू शकले.

पत्ता वाटता येतो, तशीच गतीही वाटली जाते. प्रत्यक्ष शिकवणी पडद्यावर पाहण्यासाठी साधारणतः सेकंदाला एक ते तीन मेगाबिट गती लागते. तीस मेगाबिटच्या जोडणीवर चार-पाच विद्यार्थी सुखाने शिकू शकतात. परंतु त्याच वेळी कोणी चित्रपट उतरवून घेऊ लागला, तर कालव्याच्या माथ्याशी एकाने सारे दार उघडावे आणि शेपटीचा शेतकरी कोरडा राहावा, तशी गत होते. अनेक राउटरमध्ये उपकरणानुसार वेळ आणि गतीची मर्यादा घालता येते. ज्यांच्यात ही सोय नाही, तेथे घरातील पाळीपत्रक कामास येते. परीक्षेच्या दिवसांत सायंकाळी सात ते दहा ही वेळ अभ्यासाची, हा साधा नियम घरातील कर्त्या माणसाने प्रथम स्वतः पाळला, तर मुलांना तो सांगावा लागत नाही.

भिंतींचा विचार

बिनतारी लहरी प्रामुख्याने दोन पट्ट्यांत चालतात : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्यातील लहरी दूर जातात, भिंतीही त्यामानाने बऱ्या ओलांडतात. दुसऱ्या पट्ट्याची गती अधिक, परंतु पल्ला कमी. लातूर-नांदेड भागातील जुनी माळवदाची घरे, त्यांच्या दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात. मात्र या लहरी त्या बऱ्याच अंशी गिळतात. पत्र्याचे छत, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी यांनीही लहरींना अडथळा होतो. म्हणून राउटर कपाटात किंवा कोपऱ्यात ठेवू नये. तो घराच्या मध्यभागी, माणसाच्या उंचीहून थोडा वर, मोकळ्या जागी ठेवावा. जाड भिंतीपलीकडच्या खोलीत लहरी पोहोचतच नसतील, तर अधिक महागडा राउटर घेण्याऐवजी साधी तार आत नेऊन तेथे दुसरा लहान राउटर बसवणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय होय.

दाराला कुलूप

बिनतारी जोडणी भिंतीशी थांबत नाही, ती रस्त्यावरही पोहोचते. तिला कुलूप नसेल तर काय घडू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून, तेथील रहिवाशाच्या नकळत, पाठवण्यात आला होता. साहजिकच पोलिसांचा तपास प्रथम त्या घराच्या दाराशी पोहोचला. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सेवेच्या सुरक्षिततेविषयी सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या. जोडणीवरून कोणी काहीही केले, तरी बाहेरच्या जगाला दिसतो तो घराचा पत्ता, हे यावरून ध्यानी यावे.

उपाय अवघड नाहीत. राउटरबरोबर आलेला ‘ॲडमिन’ हा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ हीच पद्धत निवडावी. जुन्या डब्ल्यूईपी पद्धतीतील कच्चे दुवे २००१ मध्येच उघड झाले आहेत. वाय-फायचा परवलीचा शब्द घराचे आडनाव, जन्मतारीख किंवा मोबाईल क्रमांक असू नये. पाहुण्यांसाठी बहुतेक राउटरमध्ये वेगळी जोडणी देता येते, ती वापरावी. खोली सोडून गेलेल्या विद्यार्थ्याला जुना शब्द ठाऊक असतो, म्हणून खोलीतील माणूस बदलला की शब्दही बदलावा.

घरातून गावाकडे

जोडणी चांगली चालू लागली की शेजारी विचारतात, आणि दोन-चार घरांत तार ओढून दरमहा पैसे घेण्याची कल्पना पुढे येते. येथे सावध राहणे आवश्यक आहे. घरगुती वापरासाठी घेतलेली जोडणी शुल्क घेऊन इतरांना देणे हा घरगुती वापर राहत नाही. अशा वाटपासाठी शासनाने स्वतंत्र, सोपा मार्ग आखून दिला आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी या योजनेला मंजुरी दिली. तीनुसार किराणा दुकानदार, चहावाला किंवा अन्य कोणीही सार्वजनिक डेटा कार्यालय, म्हणजे पीडीओ, चालवू शकतो. पिवळ्या पाटीचा पीसीओच येथे नव्या रूपात अवतरला आहे. पीडीओला परवाना लागत नाही, नोंदणीही लागत नाही. अनेक पीडीओंना एकत्र आणणाऱ्या संस्थेने मात्र दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावयाची असते. ग्राहकाची ओळख ॲपद्वारे पटवली जाते, त्यामुळे सानपाड्यासारखा प्रसंग दुकानदारावर ओढवण्याचा धोका कमी होतो. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आणखी एक अडचण दूर केली : २०० मेगाबिटपर्यंतच्या जोडणीसाठी पीडीओकडून तशाच घरगुती जोडणीच्या दुपटीहून अधिक दर आकारता येणार नाही, असे ठरवण्यात आले.

ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंजूर झाली. २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित स्वरूपाला सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांची मान्यता मिळाली. परंतु तंतू पंचायतीच्या खोलीत येऊन थांबला, तर गावाला त्याचा लाभ किती? आजच्या पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांत मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात या प्रश्नाचे एक उत्तर दाखवले. दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील न वापरलेल्या लहरींवरून जोडणी पाड्यांपर्यंत नेण्यात आली आणि तेथून पुढे वाय-फायने ती लोकांच्या हाती दिली गेली. शेवटचा टप्पा बिनतारीनेही गाठता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

हा शेवटचा टप्पा मुख्यतः स्थानिक निर्णयांचा आहे. पंचायतीच्या कार्यालयाला कुलूप लागते सायंकाळी, आणि विद्यार्थ्याचा अभ्यास सुरू होतो तो त्याच वेळी. पंचायत सदस्यांनी वाचनालयाची किंवा शाळेची एक खोली रात्री नऊपर्यंत उघडी ठेवण्याचा ठराव केला, राउटरला बॅटरी दिली, परवलीचा शब्द कोणाकडे राहील आणि तो केव्हा बदलला जाईल हे ठराववहीत लिहिले, तर त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहावी लागणार नाही. त्या खोलीत मुलींसाठी वेळ राखून ठेवली जाते काय, खोलीपासून घरापर्यंतच्या रस्त्यावर दिवा आहे काय, हेही त्याच ठरावात यावे. शिक्षकांनी आपल्या वर्गातील किती मुलांकडे मोबाईल आहे एवढेच न मोजता, अभ्यासाच्या वेळी तो कोणाच्या हाती असतो, हेही विचारावे. तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी गावाच्या भेटीत जोडणी बसल्याची नोंद पाहण्याबरोबरच सायंकाळी ती चालू आहे किंवा नाही, हे पाहावे.

पाण्याच्या टंचाईने या भागाला वाटपाची शिस्त शिकवली. जोडणीच्या बाबतीत ती शिस्त टंचाईची वाट न पाहता अंगी आणता येईल. निलंग्याच्या किंवा मुखेडच्या एखाद्या घरात वडील शेतावरून परतण्यापूर्वी मुलीचा दिवसाचा धडा पाहून झालेला असेल, तर त्या घराने जोडणीचा योग्य उपयोग केला असे खुशाल समजावे.