तीन खाडे

डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात १९२० साली देशातले पहिले दंत महाविद्यालय सुरू केले, तिथपासूनचा आढावा दंतवैद्यांच्या परिषदेत अध्यक्षाने घ्यावा अशी रीत आहे. तो स्मरणिकेत छापला आहे. प्रस्तुत वक्त्याच्या मनात तीस वर्षे एकच गोष्ट साठली आहे, ती आज बोलायची.

कष्टकरी माणसे दात ठणकेपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाहीत. का? प्रत्येक परिषदेत उत्तर ठरलेले: भीती आणि अज्ञान. हे उत्तर आपल्या सोयीचे आहे, म्हणून टिकले आहे.

इचलकरंजीत यंत्रमाग कामगाराची मजुरी मीटरवर. माग थांबला की मजुरी थांबली. एका रात्री प्रस्तुत वक्ता दवाखान्याचे शटर ओढत असताना असाच एक कामगार आला. भुवयांवर कापसाची पिंज तशीच, गाल सुजलेला, दाढेखाली लवंग. खुर्चीत बसण्याआधी त्याने विचारले, "किती खेपा पडतील?" रूट कॅनॉलला तीन, असे सांगताच म्हणाला, "मग काढूनच टाका डॉक्टर. तीन खाडे परवडत न्हाईत." दाढ वाचण्यासारखी होती. ती काढली. त्या माणसाला सुईची भीती नव्हती, आणि दाढेची किंमतही समजत होती. आपली वेळ त्याच्या पाळीत बसत नव्हती, आणि त्याचे खापर आपण त्याच्या अडाणीपणावर फोडत आलो.

त्यानंतर रविवारी सकाळी दवाखाना उघडा राहू लागला. काही महिने कुणी फिरकले नाही. मग मागाच्या कांड्या भरणारी एक बाई आली, हिरड्यांतून रक्त येते म्हणून. पुढच्या रविवारी ती जावेला घेऊन आली. जावेचे काहीच दुखत नव्हते. मिश्रीने दात काळवंडलेले, आणि गालाच्या आत एक पांढरा चट्टा. असा चट्टा बहुधा दुखत नाही. दुखू लागतो तेव्हा पुष्कळदा त्याचा कर्करोग झालेला असतो.

रुग्णाला तपासणीसाठी सहा महिन्यांनी बोलवावे की वर्षाने, यावर काल इथे तावातावाने चर्चा झाली. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २००४ मध्येच सांगितले आहे, की प्रौढांना धोका पाहून तीन ते चोवीस महिन्यांच्या अंतराने बोलवावे. त्या जावेपुढे सहा की बारा हा प्रश्नच नव्हता. रविवारी दार उघडे आहे का, एवढेच तिला हवे होते.

दाराइतकाच खर्चाचाही प्रश्न आहे. जर्मनीत सरकारी विमाधारकाच्या बोनस-वहीत दरवर्षी तपासणीचा शिक्का पडतो. पाच वर्षांचे सलग शिक्के असले, की कॅप किंवा कवळीसाठी मिळणारी मदत ठरीव खर्चाच्या ६० टक्क्यांवरून ७० वर जाते, दहा वर्षांनी ७५ वर. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विम्यांत अपघात वगळता दातांना जागाच नाही!

यंदा आपल्या संघटनेपुढे दोन कामे. कारखान्यात वर्षाला रक्तदाब तपासतात, तसे तोंडही उघडून पाहावे, यासाठी मालकांशी बोलणी करायची; कुणी आणि कशी, ते कार्यकारिणी ठरवील. दुसरे, सभासदांनी रविवारच्या सकाळी वाटून घ्यायच्या. महिन्याचा पहिला रविवार प्रस्तुत वक्त्याचा. उरलेल्या रविवारांसाठी जेवणाच्या सुट्टीत दारापाशी वही ठेवली आहे.