गर्भाशयमुखाचा कर्करोग व शीतोपचार



गर्भाशयमुखाचा कर्करोग हा एका दिवसात उद्भवणारा रोग नव्हे. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काही स्त्रियांमध्ये मात्र तो टिकून राहतो व गर्भाशयमुखावरील पेशी बदलू लागतात. या पेशींचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा ते वीस वर्षे लागतात. या काळात वेदना नसते, रक्तस्राव नसतो. म्हणून स्त्री दवाखान्याची पायरी चढत नाही. रोगाला अटकाव करण्याची सर्वांत सोपी वेळ नेमकी हीच होय.

तपासणी साधी आहे. ॲसेटिक ॲसिडचे, म्हणजे व्हिनेगरमधील आम्लाचे, ३ ते ५ टक्के द्रावण गर्भाशयमुखावर लावतात. मिनिटभरात बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसू लागतो. प्रशिक्षित परिचारिकेलाही ही तपासणी करता येते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हावयास हवी.

पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कर्करोगाच्या नावाने घाबरून काही स्त्रिया तपासणीचा निष्कर्ष लपवितात, तर काहींच्या मनात पिशवी काढून टाकण्याचा विचार येतो. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या संदर्भात २०१९ मध्ये राज्यापुढे ठळकपणे आला. बदललेल्या पेशींसाठी बहुतेक वेळा गर्भाशय काढण्याची गरज नसते. तेवढ्याच पेशी नष्ट करणे पुरेसे असते, आणि शीतोपचाराने हेच साधते.

दाबाखालील कार्बन डाय-ऑक्साइड किंवा नायट्रस ऑक्साइड वायू बारीक छिद्रातून मोकळा झाला की अतिशय थंड होतो. या वायूने थंड केलेले धातूचे टोक गर्भाशयमुखावर तीन मिनिटे टेकवितात, पाच मिनिटे थांबतात आणि पुन्हा तीन मिनिटे टेकवितात. पेशींतील पाणी गोठून त्या मरतात व त्या जागी निरोगी आवरण तयार होते. भूल द्यावी लागत नाही, रुग्णालयात राहावे लागत नाही. पाळीच्या वेळेसारखी कळ येते व ती लवकरच ओसरते. पुढे काही आठवडे पाण्यासारखा स्राव होतो. चार आठवडे शरीरसंबंध टाळावा लागतो. ही पतीचीही जबाबदारी आहे. योग्य रुग्णांपैकी शंभरात सुमारे ८५ ते ९० स्त्रियांना एकाच उपचाराने गुण येतो. तरीही वर्षभराने पुन्हा तपासणी आवश्यकच असते.

हा उपचार सर्वांसाठी नाही. डाग गर्भाशयमुखाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग व्यापीत असेल, आतील मार्गात शिरलेला असेल, कर्करोगाची शंका असेल किंवा स्त्री गर्भवती असेल, तर शीतोपचार करीत नाहीत. अशा वेळी तज्ज्ञांकडे जावे लागते.

अशा तपासणीचे मोल महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाची एचपीव्ही चाचणी एकदाच करून दोष आढळलेल्या स्त्रियांवर उपचार झाले, त्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणीचा कार्यक्रम नसलेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४ झाले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने ॲसेटिक ॲसिडची तपासणी वारंवार केली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

तपासणी एका दिवशी आणि उपचार दुसऱ्या दिवशी ठेवला की मजुरी बुडते, प्रवासखर्च वाढतो आणि अनेक स्त्रिया परत येत नाहीत. म्हणून जेथे शक्य असेल तेथे तपासणी व उपचार एकाच भेटीत व्हावेत. घरातील स्त्रीला, तिची काहीही तक्रार नसताना, त्या एका दिवसाची मोकळीक मिळाली पाहिजे. ती देणे हे कुटुंबाचे कर्तव्य आहे.