चवदार तळं आणि हातातला मोबाइल

(महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील तरुण-तरुणींसमोर महाड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तंत्रज्ञान, कायदा आणि व्यक्तीचे हक्क असा भारदस्त विषय मला दिला आहे. मी वकिली करते. माझ्यापर्यंत हा विषय फार साध्या प्रश्नांतून येतो. ‘मॅडम, मुलानं स्टेटस ठेवलंय, आता काय होईल?’ ‘ग्रुपवर कुणीतरी काहीतरी टाकलं, अ‍ॅडमिन मी आहे, मला उचलतील का?’ आणि आई-वडिलांचं ठरलेलं वाक्य असतं, ‘आपण मुसलमान माणसं. आपण काही लिहायचंच नाही. गप्प बसावं.’

या भीतीला मी हसणार नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही मुलांच्या मोबाइल स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव चालून आला, मशिदीवर हल्ला झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. सातारा आपल्यापासून एका घाटापलीकडे आहे. घरातली मोठी माणसं घाबरतात ती उगीच नाही.

पण गप्प बसून कुणी सुरक्षित राहतं का, हे तपासून पाहायला हवं. सावित्रीच्या खोऱ्यातल्या कितीतरी घरांत बाप नाहीतर भाऊ आखातात कामाला आहे. त्याचा आवाज मोबाइलवरून येतो. कॉलेजचा अर्ज, शिष्यवृत्ती, सातबारा, नोकरीची जाहिरात, सगळं मोबाइलवर. ही जागा सोडून जा, असं आता कुणालाच सांगता येत नाही. ही सार्वजनिक जागा आहे. आणि सार्वजनिक जागेवर कुणाचा हक्क, हा प्रश्न महाडला नवा नाही.

मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं. कागदावर हक्क मिळाला, पण तळ्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्या दिवशी तो ठराव कागदावरून खाली उतरला.

पुढे काय झालं, ते आज जास्त महत्त्वाचं आहे. गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. देवळात जायचा कुणाचा बेत नव्हता. तरीही लाठ्या निघाल्या, जेवत बसलेल्या माणसांना मारहाण झाली. जीव वाचवायला धावलेल्यांपैकी अनेकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरच्या परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. तुमच्या-माझ्या गावचा हा इतिहास आहे आणि तो आपल्या मुलांना माहीत असायला हवा.

त्या काळी मोबाइल नव्हता, व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. एका आवईला पसरायला तोंडं पुरेशी होती. आज ती सेकंदात पसरते, एवढाच फरक. म्हणून ‘या इंटरनेटनेच सगळं बिघडवलं’ असं कुणी म्हणालं की मला महाड आठवतं. बिघाड आधीचा आहे, वेग नवा आहे.

नंतर तळं सार्वजनिक नसून खासगी आहे असा दावा कोर्टात गेला. डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम निघाला. हजारो माणसं सत्याग्रहासाठी जमली होती. २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं, पण तळ्यावर जाणं बाबासाहेबांनी थांबवलं. हुकूम मोडला नाही आणि हक्कही सोडला नाही. कागदपत्रं जमवली, साक्षी-पुरावे दिले, अपिलं लढवली. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी त्यांच्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्यापासून निकालापर्यंत दहा वर्षं गेली, तीन दिवस कमी. कायद्याचा रस्ता असा लांब असतो. त्या रस्त्यावर रागापेक्षा पुरावा जास्त लांब जातो.

आता आपल्या काळात येऊ. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं, मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या फक्त ‘लाइक’ केल्या. एक मुसलमान, दुसरी हिंदू. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पुढे प्रकरण मागे घ्यावं लागलं, पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. पण ज्या कलमाखाली हे घडलं, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम तसंच शिल्लक होतं. एखाद्याला ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ होईल असं काही पाठवलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद, असं ते कलम. त्रास तर कुणालाही कशाचाही होतो.

श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी या अटकांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ६६-अ पूर्णपणे रद्द केलं. त्या निकालातल्या तीन पायऱ्या प्रत्येकाने पाठ करून ठेवाव्यात. पहिली चर्चा, दुसरी समर्थन, तिसरी चिथावणी. पहिल्या दोन कितीही कडू लागल्या तरी घटनेच्या १९व्या कलमाने त्यांचं रक्षण होतं. कायद्याचा हात पडतो तो तिसऱ्या पायरीवर.

इथलंच उदाहरण घेऊ. ‘औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी सावित्रीत जातं का?’ असं तुम्ही विचारलंत, ही चर्चा. ‘नियम मोडणाऱ्या कारखान्याला टाळं लावा’ असं लिहिलंत, हे समर्थन. ‘उद्या सकाळी दगड घेऊन अमक्याच्या घरावर चला’ असं लिहिलंत, ही चिथावणी. पोस्ट करण्याआधी स्वतःला एकच विचारा, मी कितव्या पायरीवर उभा आहे?

यावरून सगळं मोकळं झालं असं समजू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. दोन समाजांत वैर पसरवणं हा तिच्या १९६व्या कलमाखाली गुन्हा आहे. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावणं हा २९९व्या कलमाखाली. इथे हेतू महत्त्वाचा. प्रश्न विचारणं आणि डिवचणं यांत फरक आहे, आणि तो लिहिणाऱ्याला आतून बरोबर कळत असतो. दुसऱ्याच्या श्रद्धेला चिमटा काढणारं स्टेटस ठेवायचं आणि नंतर अभिव्यक्तीस्वातंत्र्य म्हणायचं, यात शौर्य नाही.

अफवा एवढी वाईट, तर खरं-खोटं सरकारनेच ठरवावं का? तसा नियम केंद्र सरकारने २०२३ मध्ये केला होता. सरकारच्या कामकाजाबद्दलची कोणती बातमी खोटी, हे सरकारचाच कक्ष ठरवणार. विनोदकार कुणाल कामरा आणि इतर काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. आधी दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला. मग २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसऱ्या न्यायमूर्तींनी, ए. एस. चांदूरकर यांनी, तो नियम घटनाबाह्य ठरवला. ज्याच्यावर टीका होते त्यानेच निवाडा करू नये, एवढी साधी गोष्ट आहे. गावच्या पंचायतीलाही ती कळते.

आता जरा अवघड भागाकडे येते. पालघरचं नाव घेतलं की आपण सगळे माना डोलावतो, कारण तिथे अन्याय करणारे दुसरे होते. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत काय झालं? ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी बातमीसोबत ‘शार्ली एब्दो’च्या मुखपृष्ठाचं चित्र छापलं. लोक दुखावले. त्यांनी लगेच जाहीर माफी मागितली. तरीही ठिकठिकाणी तक्रारी झाल्या, अटक झाली, आवृत्ती बंद पडली, नोकरी गेली, घर सोडून राहावं लागलं. तो मजकूर छापायला नको होता असं म्हणायचा प्रत्येकाला हक्क आहे. पण माफी मागितलेल्या बाईमागे हात धुऊन लागणारा जमाव आपला होता. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या निषेधार्थ याच शिरीन दळवींनी राज्याच्या उर्दू साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला. ज्यांनी त्यांना एकटं पाडलं, त्यांच्याही हक्कासाठी त्या उभ्या राहिल्या.

हक्क समाजाला मिळतो तसाच तो समाजातल्या एकेका माणसालाही मिळतो, आणि वेळ आली तर समाजाविरुद्धही मिळतो. आपल्या एखाद्या मुलीने स्वतःचा फोटो टाकला, तोंडी तलाकवर मत मांडलं, कॉलेजच्या नाटकाची रील टाकली, की खाली कोण शिव्या लिहितं? बहुतेक वेळा आपलीच पोरं. तिच्या भावाला फोन कोण करतं? मोहल्ल्यातलेच. तेव्हा आपण पालघरच्या जमावाहून वेगळे नसतो. पालघरला एक माप आणि आपल्या गल्लीत दुसरं, असं चालणार नाही.

मुलींनी गप्प बसून काही वाचत नाही, हे ‘बुल्ली बाई’ प्रकरणातही दिसलं. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ नावाचं अ‍ॅप निघालं. त्यात मुसलमान स्त्रियांचे फोटो लावून लिलावाचा घाणेरडा खेळ मांडला होता. दिल्लीत गुन्हा दाखल झाला, पण महिनोन्महिने कुणाला अटक झाली नाही. १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ नावाने तेच पुन्हा घडलं. या वेळी स्त्रियांनी नावानिशी तक्रारी केल्या, स्क्रीनशॉट दिले, आणि मुंबई सायबर पोलिसांनी काही दिवसांत परराज्यांतून अटका केल्या. मग दिल्लीतलं आधीचं प्रकरणही हललं. लाज वाटायला हवी ती फोटो चोरणाऱ्याला. फोटो असणारीला कसली लाज?

आता कामाच्या गोष्टी. शक्य असेल तर लिहून घ्या.

कुणी धमकी दिली, फोटो विद्रूप करून फिरवला, तर आधी पुसून टाकू नका. तारीख-वेळ आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मूळ मोबाइल जपा, कारण डिजिटल पुराव्यासोबत कोर्टात प्रमाणपत्र द्यावं लागतं. संबंधित कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला कळवा. असा अधिकारी नेमणं २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे, आणि अशा फोटोंच्या तक्रारीची मुदत तासांत मोजली जाते. मग पोलीस ठाणं किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. पैशांची फसवणूक असेल तर ताबडतोब १९३०. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते.

उलट, तुमच्यावरच तक्रार झाली तर पळू नका. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावलं आहे. साधारणपणे आधी हजर राहण्याची नोटीस यायला हवी. नोटीस आली की वकिलासह जा. मोबाइल जप्त केला तर पंचनाम्याची नोंद मागा. अटक झालीच तर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं सक्तीचं आहे. वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

ग्रुप अ‍ॅडमिनच्या प्रश्नाचंही उत्तर देते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं, की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू किंवा आधीचं संगनमत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. पण कायदा पकडत नाही म्हणून ग्रुपवर विष वाहू द्यायचं का, हे तुम्ही ठरवा. आवई आली की एका फोनवर ती तपासता येते. वीरेश्वराच्या देवळाची आवई १९२७ मध्ये एखाद्याने तपासली असती, तर कितीतरी डोकी फुटायची वाचली असती.

आणि ६६-अ? रद्द झाल्यावरही ठिकठिकाणी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला की असे खटले बंद करा. म्हणजे निकाल लागला तरी तो खालपर्यंत पोचवायला माहीतगार माणूस लागतो. पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीत असा एक मुलगा, अशी एक मुलगी असली, तर आख्ख्या वाडीची भीती कमी होते.

मी तुम्हाला बिनधास्त लिहा असं सांगत नाही आणि गप्प बसा असंही सांगत नाही. जाणून लिहा, जपून वाचा, पाठवण्याआधी तपासा. आणि जिचं मत तुम्हाला अजिबात पटत नाही, तिला शिव्या पडत असतील तर खाली एवढंच लिहा, ‘बोलू द्या तिला.’ सुरुवात तिथून होईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मुलींनी आधी विचारावेत.